परत वर्दीचं बोलावणं आलं तर: निवृत्त फौजी अधिकाऱ्यांनी पेन्शन आणि बढतीचा कागद कसा वाचावा

मे २०२५ मधली गोष्ट. सीमेवर 'ऑपरेशन सिंदूर' सुरू होतं आणि इकडे अमळनेरला माझ्या ओसरीवर सकाळी सातलाच एक ऑनररी कॅप्टन येऊन बसले. वय बासष्ट, गुडघ्याला पट्टा, हातात मोबाइल. कुणीतरी मजकूर पाठवला होता: सरकारने माजी सैनिकांना परत बोलावलं आहे, चोवीस तासांत हजर व्हा. "तात्या, माले परत बलाई लेतीन का?" विचारताना चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट थोडी आशाच होती. मी म्हटलं, "कागद काय सांगस ते देख पहिले."

कागद वेगळंच सांगत होता. ६ मे २०२५ चा तो आदेश टेरिटोरियल आर्मीपुरता, म्हणजे आपली नोकरी-धंदा सांभाळून बोलावलं की जाणाऱ्या फौजेपुरता होता. टेरिटोरियल आर्मी नियम १९४८ मधल्या नियम ३३ खाली लष्करप्रमुखांना अधिकार दिला होता की, टेरिटोरियलमधल्या अधिकाऱ्यांना आणि जवानांना गरजेप्रमाणे बोलवा, नेमणुकीवर घ्या. ३२ पायदळ पलटणींपैकी १४ पलटणींचा त्यात विचार होता आणि मुदत १० फेब्रुवारी २०२५ ते ९ फेब्रुवारी २०२८ अशी होती. आमच्या कॅप्टनसाहेबांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. ते चहा पिऊन, जरा हिरमुसून घरी गेले.

पण त्या आठवड्यात आलेल्या वीसेक लोकांपैकी दोघांचा संबंध होता, आणि त्यांच्याजवळ एकही कागद नीट नव्हता. मी फौजेत क्लार्क होतो, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीभर दुसऱ्यांचे पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवा आणि कुटुंबाच्या नोंदींचे आदेश टाइप केले. खान्देशात अधिकारी थोडे, जवान आणि जेसीओ (जवानांतून वर आलेले सुभेदारासारखे हुद्देदार) जास्त, त्यामुळे अधिकाऱ्यांच्या प्रश्नांवर गावात सांगणारं फारसं कुणी नसतं. नुकताच निवृत्त झालेला मेजर किंवा कर्नल आणि त्याच्या घरची मंडळी डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितो आहे. जेसीओंच्या कामाचंही यात बरंच आहे.

आधी दार ओळखा

बोलावणं देशाचं असतं, हिशेब मात्र कलमाचा असतो. पत्र हातात आलं की पगार, हुद्दा, तारीख हे सगळं नंतर वाचा. आधी पहिल्या परिच्छेदात कोणत्या कायद्याचं, नियमाचं नाव आहे ते पेन्सिलीने अधोरेखित करा. निवृत्त माणूस परत वर्दीत येतो तो मुख्यतः तीन दारांनी.

पहिलं दार राखीव दलाचं, म्हणजे रिझर्व्हचं. शॉर्ट सर्व्हिस कमिशनवाल्यांनी, म्हणजे ठरावीक वर्षांपुरतेच अधिकारी झालेल्यांनी, इथे जास्त लक्ष द्यावं. सेवा संपली म्हणजे सगळं सुटलं असं त्यांना वाटतं, पण कमिशन घेतानाच अट असते: बाहेर पडल्यावर ५ वर्षं राखीव जबाबदारी, त्यापुढे स्वेच्छेने २ वर्षं. त्यालाही वयाची मर्यादा आहे, पुरुषांना ४० आणि महिलांना ३७ पर्यंत. कायम कमिशनवाल्यांनी आपला निवृत्तीचा आदेश काढावा. 'रेग्युलर रिझर्व्ह ऑफ ऑफिसर्स'मध्ये नाव वर्ग केलं आहे का आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते त्यात पाहायचं. जवानांच्या भरतीच्या कागदावर कलर सर्व्हिस (प्रत्यक्ष वर्दीतली नोकरी) आणि रिझर्व्ह सर्व्हिस अशा दोन वेगळ्या मुदती असतात, त्या वाचाव्यात. या दाराने आलेलं बोलावणं ऐच्छिक नसतं. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम २ प्रमाणे राखीव अधिकाऱ्याला कामावर हजर व्हायचा हुकूम झाला की त्या कामापुरता लष्करी कायदा त्याला लागू होतो. गैरहजर राहिलात तर प्रकरण गावच्या पोलीस पाटलाच्या हातातलं राहत नाही.

दुसरं दार टेरिटोरियल आर्मीचं. १९४८ चा कायदा, ९ ऑक्टोबर १९४९ ला सी. राजगोपालाचारींच्या हस्ते उद्घाटन. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत तिच्या तुकड्या होत्या. एरवी आपला धंदा, शेती, नोकरी करायची, ठरलेलं प्रशिक्षण करायचं आणि बोलावलं की जायचं. बोलावून घेण्याला फौजेत सगळे 'एम्बॉडी होणं' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे पेन्शनची सगळी गंमत त्याच्यावरच आहे.

तिसरं दार स्वखुशीचं: पुनर्नियुक्ती, म्हणजे री-एम्प्लॉयमेंट. तुम्ही अर्ज केलात, फौजेला माणूस हवा होता, ठरावीक वर्षांसाठी परत घेतलं. जवान आणि जेसीओंसाठी याच धर्तीचं डिफेन्स सिक्युरिटी कोअर, म्हणजे डीएससी. आपल्याकडे वरणगाव आणि भुसावळच्या आयुध निर्माण्यांमुळे लोकांना डीएससीचा जवान दारावर पाहून माहीत असतो. युद्धकाळात पुनर्नियुक्तीला वेग येतो, पण कायद्याने ते करारच राहतं. म्हणून सही करायच्या आधी प्रत्येक ओळ वाचायची.

या तिन्हीपैकी पत्रात काहीच नसेल, नुसताच मोबाइलवर फिरणारा मजकूर असेल, तर चहा प्या आणि कामाला लागा.

पिशवीत काय हवं

बोलावणं आल्यावर कागद शोधायला वेळ मिळत नाही. बोलावणं नसतानाच ही पिशवी तयार ठेवा: मूळ पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, आणि त्यानंतरचे सगळे दुरुस्तीचे पीपीओ (फौजेत त्यांना 'कॉर पीपीओ' म्हणतात), निवृत्तीचा आदेश, राखीव दलात वर्ग केल्याचं पत्र, शेवटची पगारपत्रकं, शेवटच्या वैद्यकीय मंडळाचा अहवाल, पत्नी आणि मुलांची नोंद झालेले पार्ट टू ऑर्डर, विवाहाचा दाखला, ईसीएचएसची (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची) कार्डं. आर्मीच्या अधिकाऱ्यांचा पगार पुण्याच्या पीसीडीए (ऑफिसर्स) या संरक्षण खात्याच्या हिशेब कार्यालयाकडे असतो आणि पेन्शन प्रयागराजच्या पीसीडीए (पेन्शन) कडे. दोन्हीकडचा पत्रव्यवहार एकाच पिशवीत, पण वेगळ्या फायलीत ठेवा.

आता नावाबद्दल. खान्देशात सगळ्यात जास्त अडतं ते इथेच. पीपीओवर पत्नीचं नाव 'आशाबाई', आधारवर 'आशा', बँकेत माहेरचं आडनाव, आणि जन्मतारीख तर शाळेने टाकलेली १ जून. तिघांपैकी कुणी खोटं बोलत नाही, पण संगणकाला ते कळत नाही. माझ्याच घरात असं झालं. पत्नीच्या नावातल्या एका 'बाई'वरून एका कार्यालयाने माझा अर्ज दोनदा परत पाठवला, आणि दोन्ही वेळा कारण वेगळं लिहिलं. तिसऱ्यांदा मी प्रतिज्ञापत्र, विवाहाचा दाखला आणि पार्ट टू ऑर्डरची नक्कल एकत्र पिनअप करून पाठवली, तेव्हा काम झालं. माणूस घरी असताना ही दुरुस्ती म्हणजे नुसता कंटाळा. तो सीमेवर असताना, किंवा देव न करो नसताना, तीच दुरुस्ती एकट्या बाईने करायची म्हणजे काय, ते मी पाहिलं आहे.

नवीन लोकांसाठी: पेन्शन आता 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेतून थेट खात्यावर येते. खातं पत्नीसोबत संयुक्त ठेवा. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो मोबाइलवर चेहरा दाखवून 'जीवन प्रमाण'मधून होतो, गावातल्या सीएससी केंद्रातही होतो. तिथल्या मुलाला एवढंच सांगा की, मंजुरी देणारं कार्यालय निवडताना यादीत 'डिफेन्स, पीसीडीए (पी) अलाहाबाद' असं जुनंच नाव आहे आणि वाटप करणारं म्हणून 'स्पर्श' निवडायचं. बँकेचं नाव निवडलं तर दाखला भलतीकडे जातो. ड्यूटीवर बोलावलेल्या माणसाने निघण्यापूर्वी आपला महिना पाहून घ्यावा. माणूस बंकरमध्ये जिवंत आणि कागदावर बेपत्ता, अशाने पेन्शन थांबली तर हसावं की रडावं कळत नाही.

पेन्शन: चालू राहील का, वाढेल का

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लोक ते एकत्र करतात आणि गोंधळतात.

आधी पाया. कायम अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी किमान २० वर्षं पात्र सेवा लागते, जवान आणि जेसीओंना १५. पेन्शन म्हणजे शेवटच्या पगाराच्या किंवा शेवटच्या १० महिन्यांच्या सरासरीच्या ५० टक्के, जे फायद्याचं असेल ते. या पगारात मिलिटरी सर्व्हिस पेही धरतात, सातव्या वेतन आयोगात अधिकाऱ्यांना महिना १५,५०० आणि जवान-जेसीओंना ५,२००. पेन्शनचा अर्ध्यापर्यंत भाग एकरकमी पैसे घेऊन विकता येतो आणि तो १५ वर्षांनी परत सुरू होतो.

त्यावर 'वन रँक वन पेन्शन', म्हणजे निवृत्ती कधीही झालेली असो, सारखा हुद्दा आणि सारखी सेवा असेल तर सारखं पेन्शन. १ जुलै २०१४ पासून लागू, दर ५ वर्षांनी फेरआढावा, म्हणून १ जुलै २०१९ आणि १ जुलै २०२४ ला आकडे बदलले. त्याचे तक्ते उघडून पाहा. एका बाजूला हुद्दा, दुसऱ्या बाजूला सेवेची वर्षं, अर्ध्या-अर्ध्या वर्षाच्या टप्प्याने. तुमचं पेन्शन या दोन खुंट्यांना टांगलेलं आहे. परत बोलावल्यानंतरचा काळ जर पात्र सेवेत मोजला गेला नाही आणि हुद्दाही बदलला नाही, तर दोन वर्षं युद्धात काढूनही तुम्ही तक्त्यातल्या त्याच चौकोनात राहता.

म्हणून पत्रात शोधायचं वाक्य हे: हा काळ पेन्शनसाठी पात्र सेवा धरला जाईल किंवा नाही. माझा अनुभव असा की, काहीच लिहिलेलं नसेल तर 'नाही' असंच समजून चालावं आणि लेखी विचारावं. निघण्याआधी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर येतं. परत आल्यावर विचारलं की खुलासे मागतात.

टेरिटोरियलमध्ये हिशेब वेगळा. तिथलं पेन्शन एम्बॉडी झालेल्या सेवेवर मोजतात: अधिकाऱ्यांना २० वर्षं, जवान-जेसीओंना १५. अशी सेवा तुकड्या-तुकड्याने होते, एकदा आठ महिने, मग मध्ये घरी, मग दोन वर्षं. प्रत्येक वेळी एम्बॉडी झाल्याचा आणि मुक्त केल्याचा असे दोन आदेश निघतात. ते दोन्ही जपा. शिरपूरच्या बाजूचे एक गृहस्थ माझ्याकडे आले, तेव्हा सेवेच्या सात तुकड्यांपैकी तीन तुकड्यांचे मुक्तीचे आदेश नव्हते. सेवा केली होती, पण पुरावा त्यांनाच शोधत फिरावं लागलं.

जुन्या पिढीत रिझर्व्हिस्ट पेन्शन होतं: कलर आणि रिझर्व्ह मिळून १५ वर्षं भरली की लहानसं का होईना निवृत्तिवेतन. नौदलाच्या खलाशांची १० वर्षं सेवा आणि १० वर्षं रिझर्व्ह अशी पद्धत १९७६ मध्ये बंद झाली. पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. दास यांच्या प्रकरणात सांगितलं की, माणूस प्रत्यक्ष फ्लीट रिझर्व्हमध्ये, म्हणजे नौदलाच्या राखीव दलात, घेतलाच गेला नसेल तर रिझर्व्हिस्ट पेन्शनचा हक्क लागत नाही. कुणाच्या वडिलांची अशी जुनी सेवा असेल तर आधी रिझर्व्हमध्ये वर्ग केल्याचा आदेश शोधा, मग वकिलाकडे जा.

पुनर्नियुक्तीत मुख्य शब्द 'पे मायनस पेन्शन'. म्हणजे पेन्शन चालूच, पण नवा पगार ठरवताना तिची रक्कम वजा. तुमच्या पत्रात तो कसा लावला आहे ते पाहा, आणि वजाबाकी विकण्याआधीच्या पूर्ण पेन्शनची आहे का हेही. बहुतेकांना वाटतं की विकलेला भाग आपल्याला मिळतच नाही, तर तो वजा कसा होईल? होतो.

फौजेत न जाता केंद्र सरकारच्या नागरी नोकरीत गेलात तर १९८६ चे पगारनिश्चितीचे आदेश लागतात. तिथे ५५ वर्षांआधी निवृत्त झालेल्या कमिशन्ड अधिकाऱ्याच्या पेन्शनमधले पहिले १५,००० रुपये सोडून उरलेली रक्कम विचारात घेतात. २०१७ पूर्वी हा आकडा ४,००० होता. जवान आणि जेसीओंच्या बाबतीत पेन्शन पूर्णच सोडून देतात. म्हणून एकाच नोकरीत गेलेल्या हवालदाराचं आणि मेजरचं गणित वेगळं येतं, आणि मेजरसाहेबांना वाटतं आपल्यावर अन्याय झाला.

हुद्द्याआधीचं विशेषण

बढतीचा भाग आला की माणसं भावुक होतात. मी त्यांना एकच सांगतो: हुद्दा वाचू नका, हुद्द्याच्या आधीचा शब्द वाचा.

'सबस्टँटिव्ह' म्हणजे पक्का. 'ॲक्टिंग' म्हणजे त्या जागेवर असेपर्यंत, पगारासह. 'लोकल' म्हणजे कामाच्या सोयीसाठी खांद्यावर तारे, पण पगारात वाढ नाही. 'ऑनररी' म्हणजे मान. युद्धात एखाद्या जागेवर माणूस लागतो तेव्हा ॲक्टिंग आणि लोकल हुद्दे भराभर दिले जातात. घरी फोटो येतो, आजी सगळ्या गल्लीला सांगते पोरगा कर्नल झाला, आणि सहा महिन्यांनी तो परत जुन्या हुद्द्यावर येतो. त्यात कमीपणा काही नाही. पण पेन्शनचा अर्ज भरताना शेवटचा हुद्दा म्हणून कोणता लिहायचा, हे त्या विशेषणावर ठरतं. म्हणून हुद्दा देणारा आणि काढणारा दोन्ही आदेश हवेत.

ऑनररीचे दोन प्रकार गावात एकच समजले जातात. महेंद्रसिंह धोनीला २०११ मध्ये टेरिटोरियल आर्मीत मानद लेफ्टनंट कर्नल केलं, तो सन्मान. आपल्या गावातले ऑनररी कॅप्टन किंवा ऑनररी लेफ्टनंट आयुष्यभर सेवा करून जेसीओ झालेले असतात आणि २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या यादीत त्यांना तो मान मिळतो. त्यांचं पेन्शन त्यांच्या स्वतःच्या तक्त्याप्रमाणे असतं, कमिशन्ड कॅप्टनच्या तक्त्याप्रमाणे नाही. दोघांना 'कॅप्टनसाहेब' म्हणतात म्हणून हिशेब एक होत नाही. हे सांगितल्यावर दोघे-तिघे माझ्यावर रुसले, पण तक्ता मी केलेला नाही.

नियमित सेवेत अधिकाऱ्याची बढती ठरावीक वर्षांनी होते: कॅप्टन २ वर्षांनी, मेजर ६, लेफ्टनंट कर्नल १३, आणि निवड झाली नाही तरी टाइम स्केलने कर्नल २६ वर्षांनी. ही रचना ए. व्ही. सिंग समितीच्या शिफारशींनंतर डिसेंबर २००४ पासून आली. निवडीने कर्नल आणि त्यापुढचं सगळं सिलेक्शन बोर्डावर. टेरिटोरियलमध्ये लेफ्टनंट कर्नलपर्यंत निकष पूर्ण केले की वेळेप्रमाणे, पुढे निवडीने. पुनर्नियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्याने मात्र ही घड्याळं आपल्यासाठी चालू आहेत असं गृहीत धरू नये. तुम्ही रांगेतून बाहेर पडला होतात, आणि तुम्हाला परत घेतलं ते एका जागेवर, रांगेत नाही.

'बढतीचा हक्क' असं आपण बोलतो, पण न्यायालयांनी वर्षानुवर्षे सांगितलेला हक्क बढतीसाठी विचार होण्याचा आहे, बढती मिळण्याचा नाही. फरक बारीक आहे, पण तक्रार लिहिताना तो कामाला येतो. 'मला बढती दिली नाही' असं लिहू नका. 'अमुक बोर्डात माझं नाव विचारात घेतलं नाही' किंवा 'माझे अमुक अहवाल विचारात घेतले नाहीत' असं लिहा. अधिकाऱ्यासाठी त्याचा रस्ता आर्मी ॲक्टच्या कलम २७ खालची तक्रार हा आहे, जवान-जेसीओंसाठी कलम २६.

ज्येष्ठतेचा एक जुना धडाही आहे. चीनच्या युद्धात २६ ऑक्टोबर १९६२ ला आणीबाणी जाहीर झाली आणि ती १० जानेवारी १९६८ पर्यंत राहिली. त्या काळात इमर्जन्सी कमिशन घेऊन हजारो तरुण अधिकारी झाले, मग त्यांतले बरेच बाहेर पडून नागरी सेवेत आले. त्यांच्यासाठी १९६७ मध्ये राखीव जागांचे नियम निघाले. तरी लष्करातली वर्षं नागरी ज्येष्ठतेत कशी मोजायची यावरून दावे खूप वर्षं चालले. ज्यांनी नेमणुकीच्या आणि मुक्तीच्या तारखा कागदावर पक्क्या करून घेतल्या, त्यांना बोलायला जागा राहिली.

इजा झाली, किंवा त्याहून वाईट

हा भाग पत्नीने वाचावा. नवऱ्याने वाचून तिला सांगू नये, तिनेच वाचावा.

इजा आणि मृत्यू यांचे ए पासून ई पर्यंत पाच गट आहेत. ए म्हणजे सेवेशी संबंध नसलेलं कारण, बी म्हणजे सेवेमुळे झालेला किंवा वाढलेला आजार. सी म्हणजे ड्यूटीवरचा अपघात. डी मध्ये दहशतवादी, समाजकंटक यांच्या हिंसाचारातले प्रसंग. ई म्हणजे शत्रूची कारवाई, युद्ध, सीमेवरची चकमक. गटावर पुढचं सगळं फिरतं. साधं कौटुंबिक निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, बी आणि सी गटात स्पेशल फॅमिली पेन्शन ६० टक्के, आणि डी व ई गटात लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराइतकं, म्हणजे १०० टक्के. तसंच अपंगत्वाचं: शंभर टक्के अपंगत्वाला साधा अपंगत्वाचा भाग पगाराच्या ३० टक्के, ई गटात इजेमुळे सेवेतून बाहेर काढलेल्याला वॉर इंजुरीचा भाग पूर्ण पगाराइतका.

गट ठरतो त्या पहिल्या काही दिवसांत लिहिलेल्या कागदांवर: इजेचा अहवाल, ज्याला फौजेत आयएएफवाय-२००६ म्हणतात, युनिटचा कॅज्युअल्टी रिपोर्ट आणि चौकशी झाली असेल तर तिचा निष्कर्ष. 'गाडी उलटली' आणि 'गोळीबारातून गाडी काढताना उलटली' या दोन वाक्यांत सी आणि ई चं अंतर आहे. त्या कागदांच्या नकला लगेच मागा, शक्य झालं तर बरोबरच्या साथीदाराचं निवेदन घ्या. वर्षभराने त्या साथीदाराचीही बदली झालेली असते.

अपंगत्वाची टक्केवारी ठरली की वरच्या टप्प्याला नेतात: ५० च्या आतलं ५० धरतात, ५० ते ७५ मधलं ७५, त्यावरचं १००. राम अवतार यांच्या प्रकरणात १० डिसेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने याचा फायदा वैद्यकीय कारणाने बाहेर काढलेल्यांपुरता न ठेवता मुदत भरून निवृत्त झालेल्यांनाही दिला. जुन्या पीपीओत २० किंवा ३० टक्केच लिहिलेले अजून सापडतात. पाहा.

आता पानी राम यांचं प्रकरण. परत वर्दीत जाणाऱ्या प्रत्येकाने हे नाव लक्षात ठेवावं. पायदळात २५ वर्षं सेवा करून निवृत्त झालेला हा जवान २००७ मध्ये टेरिटोरियल आर्मीच्या इकॉलॉजिकल टास्क फोर्समध्ये परत भरती झाला. ५ एप्रिल २००९ ला अपघातात उजवा पाय गेला, अपंगत्व ८० टक्के, आणि त्याला सेवेतून बाहेर काढलं. अपंगत्वाचं पेन्शन नाकारलं. कारण, भरतीच्या वेळी त्याने वाढीव पेन्शन मागणार नाही अशा कागदावर सही केली होती. १७ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकलं नाही. न्यायमूर्ती भूषण गवई यांनी लिहिलेल्या निकालात म्हटलं की, नोकरी हवी असलेल्या जवानाची सौदा करायची ताकद सरकारइतकी नसते, आणि आर्मीच्या पेन्शन नियमांतल्या नियम २९२ प्रमाणे टेरिटोरियलच्या माणसाला आर्मीचेच नियम लागतात. पेन्शन मिळालं. तरीही असा कागद समोर आला तर डोळे मिटून सही करू नका. सुप्रीम कोर्टापर्यंत जायला त्याला एक पाय आणि बारा वर्षं लागली.

पेन्शनर माणूस नागरी नोकरीत असताना गेला तर २४ सप्टेंबर २०१२ पासून लष्करी आणि नागरी अशी दोन्ही कौटुंबिक पेन्शनं मिळू शकतात. पूर्वी एकच निवडावं लागे, आणि अजूनही काही ठिकाणी काउंटरवर तसंच सांगतात.

मागे राहिलेली नोकरी

टेरिटोरियलमधला शिक्षक, बँकेतला कर्मचारी, गिरणीतला फिटर बोलावला गेला, तर त्याच्या मालकाने मुदत संपल्यावर त्याला परत कामावर घ्यायचं असतं. १९४८ च्या कायद्याचं कलम ७. न घेतल्यास ठरवलेला अधिकारी ६ महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई द्यायला लावू शकतो. कलम ७क प्रमाणे भविष्यनिर्वाह निधीसारखे हक्क राखले जातात. निघताना मालकाला बोलावण्याच्या पत्राची प्रत द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर रजिस्टर पोस्ट. पोस्टाची पावती लहानशी असते, हरवू नका.

अडलं तर कुठे जायचं

सुरुवात गावाजवळ: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. जळगाव आणि धुळ्याला आहे. तिथे अर्ज तपासून मिळतो, कोणत्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, लिहायचं ते कळतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगाव, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्प, महार रेजिमेंटचं सागर, बॉम्बे सॅपर्सचं खडकी. अधिकाऱ्यांचं मात्र दिल्लीतल्या आर्मी मुख्यालयाकडे जातं. 'नालसा'ची, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची, वीर परिवार सहायता योजना २६ जुलै २०२५ ला सुरू झाली. तिच्याखाली सैनिक बोर्डांच्या कार्यालयांत मोफत कायदेशीर मदतीची केंद्रं उघडायची आहेत. त्यांची चौकशी करा.

मग स्पर्शवरची तक्रार, त्याचा क्रमांक लिहून ठेवा. मग लेखी निवेदन. आणि सगळं झालं की आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजींच्या दाव्यांचं न्यायाधिकरण, आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ. अंतिम आदेशापासून ६ महिन्यांत अर्ज करायचा. निवेदनाला उत्तरच आलं नाही तर ६ महिने वाट पाहून पुढच्या ६ महिन्यांत. उशीर झाला तर माफी मागता येते. पेन्शन दर महिन्याची असल्याने दावा सहसा पूर्ण बुडत नाही, पण २००८ च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे मागची थकबाकी बहुधा अर्जाआधीच्या ३ वर्षांपुरतीच मिळते. दहा वर्षं 'बघू पुढच्या दिवाळीला' म्हणत बसलात तर सात वर्षांचे पैसे गेले.

ड्यूटी संपवून परत आलात की पहिल्या आठवड्यात तीन कामं: मुक्तीच्या आदेशाच्या दोन नकला, शेवटचं पगारपत्रक, आणि स्पर्शवर पत्ता, खातं, कुटुंब तपासून घेणं. पेन्शन थांबवून ठेवली होती तर ती परत सुरू झाली का ते पुढच्या महिन्याच्या नोंदीत पाहा.

ते ऑनररी कॅप्टन जूनमध्ये परत आले. बोलावणं नाही म्हणून रुसवा गेला होता. खताच्या गोणीच्या पिशवीत सगळे कागद लावून आणले होते, आणि सोबत पत्नी. पीपीओवर पत्नीचं नाव आणि जन्मसाल दोन्ही चुकलेलं निघालं. त्या दिवशी आम्ही दोन्ही दुरुस्त्यांचा अर्ज भरला. ऑगस्टमध्ये कॉर पीपीओ आला, तेव्हा वहिनींनी मला भरीत-भाकरीचा डबा पाठवला आणि निरोप दिला, "तात्याले सांग, आते मी कागदवर बी शे."